बारा ताटल्या आणि वांजुगूबाई

डोंगराळ मुलखातील ओथाया गावाजवळच्या प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे भूगोल शिकवून आणि त्यांपैकी अखेरची चौदा वर्षे मुख्याध्यापकपद सांभाळून निवृत्त झालेले कारिईथी गुरुजी यांच्या मनात एकच इच्छा उरली होती. आपल्याच देशाच्या उत्तर टोकाला असलेले तुर्काना सरोवर एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही ती इच्छा. ज्या सरोवराची लांबी आणि रुंदी त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली होती, ते त्यांनी स्वतः पाहिलेले नव्हते, आणि ही गोष्ट त्यांना बुटातल्या खड्यासारखी टोचत असे.

म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी आपल्यासारखेच अकरा निवृत्त शिक्षक आणि शिक्षिका गोळा केल्या आणि एक जुना उंच ट्रक भाड्याने ठरवला. तो ट्रक पूर्वी गोऱ्या प्रवाशांना नैरोबीपासून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत तंबूंसकट वाहून नेत असे. ट्रकाबरोबर चालक ओगोला आणि आचारी मुटिंडा असे दोन अनुभवी गृहस्थ आले.

मुलाबाळांचा या बेताला कडाडून विरोध होता. उत्तरेकडे माणूस जातो तो बदली झाली म्हणून, हौसेने कोणी जात नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी मुलांनी एक अट घातली की, बारांपैकी एकानेही ‘माघारी चला’ असे म्हटले, तर ट्रक त्याच जागी वळवायचा आणि त्यावर वाद घालायचा नाही. गुरुजींनी ही अट तत्काळ मान्य केली, कारण बाराही जण आपल्या शब्दाबाहेर नाहीत असा त्यांचा समज होता. या समजात वांजुगूबाई मात्र बसत नव्हत्या.

वांजुगूबाई गणित शिकवीत. त्यांनी गुरुजींच्या हाताखाली चौदा वर्षे नोकरी केली होती, परंतु ‘हाताखाली’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. त्या गुरुजींना अजूनही हेडमास्तर म्हणत, आणि ज्या सुरात म्हणत त्या सुरात आदर किती आणि उपहास किती, हे गुरुजींना कधीच उमगले नाही.

पहिला मुक्काम न्याहुरुरूच्या धबधब्यापाशी पडला. धबधबा पाहून सर्वांची मने प्रसन्न झाली, आणि मग तंबू उभारताना ती प्रसन्नता हळूहळू ओसरली. गिचुकी गुरुजी हे मंडळीतील विनोदी गृहस्थ. त्यांनी आपला तंबू इतक्या उत्साहाने उभारला की त्याचे दार थेट काटेरी झुडपात उघडले. वांजुगूबाईंनी कोणाचीही मदत न घेता खुंटी ठोकली, आणि हातोडा खुंटीऐवजी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर बसला. बोटाला पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी आपले लक्ष व्यवस्थेकडे वळवले.

“हेडमास्तर, ट्रक सुटण्याआधी डोकी मोजायला हवीत. आपण सगळे म्हातारे आहोत. कोणी कुठं झाडामागं बसलं असेल, तर कळायचं नाही.”

“बाई, माणसं काय बकऱ्या आहेत मोजायला?” गुरुजी म्हणाले. “आणि शहाणा माणूस बकऱ्यासुद्धा मोजत नाही.”

डोंगराकडच्या सर्व मंडळींनी माना डोलावल्या. माणसे बोट दाखवून मोजली की त्यांच्यावर अरिष्ट येते, हे त्यांच्या आजीपणजींपासून चालत आले होते. शिकलेसवरलेले असूनही त्यांच्यापैकी कोणी आपल्या मुलांची संख्या परक्याला चटकन सांगत नसे.

“मग काय करणार?” बाई म्हणाल्या. “अंदाज बांधणार?”

तेव्हा आचारी मुटिंडाने मध्यस्थी केली. त्याच्याकडे बारा पत्र्याच्या ताटल्या होत्या, आणि ट्रकाच्या मागील बाजूस त्या ठेवण्याची लाकडी मांडणी होती. या ट्रकाचा रिवाजच असा होता की, ज्याने त्याने आपली ताटली आपण धुवायची, फडक्याने न पुसता हवेत हलवून वाळवायची आणि स्वतःच्या हाताने मांडणीत लावायची. “बारा ताटल्या मांडणीत आल्या की बारा माणसं ट्रकात आली,” मुटिंडा म्हणाला. “ताटल्या मोजायला तर कोणाची हरकत नाही ना?”

हा तोडगा गुरुजींना अतिशय पसंत पडला. त्या दिवसापासून दर जेवणानंतर बारा वृद्ध शिक्षक वर्तुळात उभे राहून, पंख फडफडवणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे ताटल्या हलवू लागले. वाटेत टायर पंक्चर झाले. मारालालमध्ये एका माकडाने टेबलावरून अख्खा पाव उचलला आणि झाडावर बसून, मंडळींकडे बघत बघत तो सावकाश खाल्ला. परंतु ताटल्या दरवेळी बाराच भरल्या, आणि गुरुजींना वाटले की आता सरोवर काही दूर नाही.

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीसाठी ट्रक लोसिओलोच्या कड्यावर थांबला. तेथे जमीन एकाएकी संपते आणि पायाखाली खोल दरी उघडते. दरीच्या तळाशी निळसर टेकड्या एकामागे एक विरत गेलेल्या दिसतात. मंडळींनी एकमेकांचे हात धरून ती दरी पाहून घेतली. नंतर त्यांनी चहा, चपात्या आणि उकडलेल्या अळकुड्या असा भरपेट आहार घेतला.

“गिचुकी गुरुजी, अळकुड्या संपल्या की तुम्ही माघारी चला म्हणाल, असं वाटतंय मला,” ओगोला म्हणाला. तो पश्चिमेकडच्या मोठ्या तळ्याकाठचा, मासे खाणारा माणूस असल्यामुळे डोंगराकडच्या मंडळींच्या खाण्याची थट्टा करण्याची एकही संधी सोडत नसे.

“तू गप गाडी चालव. सरोवरावर पोचलास की तुझा मासा तू खा. काटे मोजत बस. ते मोजलेले चालतात.”

न्याहारी आटोपली. ताटल्या धुतल्या गेल्या, हलवल्या गेल्या, मांडणीत लागल्या. मुटिंडाने त्या मोजल्या, बारा भरल्या. ओगोलाने तीनदा भोंगा वाजवला, ट्रक निघाला आणि मागे बसलेली मंडळी भरल्या पोटी लगेच पेंगू लागली.

सुमारे दोन तासांनी वाटेत एक कोरडी नदी आडवी आली. वाळू मऊ असल्यामुळे ट्रक हलका करणे आवश्यक होते, म्हणून सर्वांनी खाली उतरून पायी पलीकडे जावे असे ठरले. ओगोलाने मागे घेऊन, वेग देऊन, एका दमात नदी पार केली. पलीकडे इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि डोके खाजवत उभा राहिला.

“गुरुजी, एक विचारू का? आज बाई माझ्यावर नाराज आहेत का?”

“का बरं?”

“सकाळपासून मला एकदाही रागावल्या नाहीत. मी दोनदा साठच्या वर गेलो. आत्ता तर उडवलीच गाडी.”

गुरुजींनी मागे वळून पाहिले. वाळूतून काठ्या टेकत, एकमेकांना धरत मंडळी येत होती. त्या मंडळींत पट्टी बांधलेले बोट कोठेच दिसत नव्हते.

“मुटिंडा,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “ताटल्या किती होत्या?”

“बारा होत्या, गुरुजी. मी स्वतः मोजल्या.”

तेव्हा गिचुकी गुरुजींनी आपली टोपी काढली. ते हळूहळू वाळूत खाली बसले. “बाईंची ताटली मी धुतली,” ते म्हणाले. “बोटाला पट्टी आहे म्हटलं. पाण्यात भिजायला नको. दगडावर ठेवून गेल्या होत्या, ती मी धुतली आणि लावली.”

 ओगोलाने ट्रक वळवला. ती नदी दुसऱ्यांदा ओलांडताना चाक रुतले, आणि बाराऐवजी अकरा वृद्धांनी, काठ्या बाजूला टाकून, तो ट्रक ढकलला.

परतीच्या त्या दोन तासांत गुरुजी पुढे ओगोलाजवळ बसले होते. बाईंना काही इजा झाली असेल, हे भय तर होतेच. कडा खोल होता, ऊन चढत होते आणि फोनला संपर्क नव्हता. परंतु त्या भयाच्या पाठीमागे दुसरे एक भय उभे होते, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. बाई सुखरूप सापडल्या, तरी त्या पहिले वाक्य कोणते बोलतील हे त्यांना पक्के ठाऊक होते. बाईंना ते वाक्य बोलण्याचा पूर्ण अधिकार होता. सरोवर दोन दिवसांवर होते. ते तेथेच राहणार होते, आणि गुरुजी ओथायाला जाणार होते.

“म्हणतील ना हो?” ओगोलाने विचारले. कशाबद्दल ते त्याने सांगितले नाही.

“म्हणतील,” गुरुजी म्हणाले.

“मी असतो तर म्हटलंच असतं.”

“गाडी चालव, बाबा.”

वांजुगूबाई कड्यापासून थोड्या अंतरावर, एका बाभळीच्या सावलीत, दगडावर बसलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी मण्यांच्या रुंद माळा घातलेली, सांबुरू जमातीची एक वृद्धा बसली होती आणि सभोवार शेळ्या चरत होत्या. दोघींच्या मध्ये दुधाची भोपळ्याची तुंबडी ठेवलेली होती. ट्रक पाहून बाई उठल्या नाहीत. त्यांनी साडी सावरावी तसा आपला खांद्यावरचा कांगा सावरला आणि वाट पाहिली.

गुरुजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. वाटेत जुळवलेली सारी वाक्ये ते विसरले होते.

“बाई, चूक माझी आहे.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बसा. ऊन आहे.”

गुरुजी बसले. गिचुकी गुरुजी टोपी हातात धरून मागे उभे राहिले.

“मी खाली झऱ्यावर गेले होते, ह्या बाईबरोबर,” वांजुगूबाई सांगू लागल्या. “भोंगा ऐकला मी. तीनदा ऐकला. तरी सावकाश आले. का, सांगू? माझी ताटली दगडावर होती. ताटली दगडावर आहे तोवर ट्रक हलत नाही, हा तुमचा नियम. म्हटलं, आपण नियम पाळणाऱ्या माणसांबरोबर आलोय.”

“ताटली मी धुतली, बाई,” गिचुकी गुरुजी म्हणाले. “उपकार करायला गेलो.”

“तुम्ही जन्मात स्वतःच्या घरी ताटली धुतली नाही, गिचुकी. आजच कुठून सुचलं तुम्हाला?”

मंडळींपैकी कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. सांबुरू वृद्धेने तुंबडी गुरुजींपुढे केली. त्यांनी एक घोट घेतला. दुधाला धुराचा वास होता.

“पहिले दोन तास मी ‘माघारी चला’ ह्या वाक्याची तयारी करत होते,” बाई म्हणाल्या. “कसं म्हणायचं, कोणासमोर म्हणायचं, सगळं ठरवलं होतं. मग हिच्या शेळ्या परत आल्या.”

गुरुजींनी शेळ्यांकडे पाहिले. चाळीसाच्या आसपास असाव्यात, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी लगेच डोळे फिरवले.

“ही उठली. एकेकीकडे बघितलं. तोंडानं काहीतरी पुटपुटली, आणि खाली उतरून एका खडकामागून एक पिल्लू घेऊन आली. मी विचारलं, किती आहेत? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही घाणेरडं बोलले. मोजत नाही म्हणाली. मग कळलं कसं? तर म्हणाली, नावं घेते.”

“सगळ्यांची?” मुटिंडाने विचारले.

“सगळ्यांची. काळ्या कानाची, लंगडीची मुलगी, पावसात झालेली. सगळ्यांची. एकीचंही तोंड बघितल्याशिवाय नाव घेत नाही.” बाईंनी गुरुजींकडे रोखून पाहिले. “हेडमास्तर, तुम्ही मोजत नाही, हे मला चालेल. मी आयुष्यभर गणित शिकवलं, तरी चालेल. पण तुम्ही बघत नाही. ते चालणार नाही.”

गुरुजींनी तुंबडी खाली ठेवली. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती त्यांच्या पत्नीव्यतिरिक्त कोणालाही ठाऊक नव्हती.

“मी पाच-सहा वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “बंड मोडायला इंग्रजांनी आम्हाला कुंपणाच्या वस्तीत कोंडलं होतं. रोज संध्याकाळी फाटकापाशी शिपाई काठीनं डोकी मोजायचा. काठी खांद्याला लागायची. आम्ही आत गेलो की आई दाराशी बसायची आणि आमची नावं घ्यायची. एकेकाला जवळ ओढून, हनुवटी धरून. मी एकदा विचारलं, हे काय करतेस? म्हणाली, त्यानं मोजलं ते पुसतेय.”

“मग तुमच्या आईनं अर्धं काम शिकवलं होतं,” वांजुगूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पूर्वीइतका कडक राहिला नव्हता. “तुम्ही न मोजायचं तेवढं लक्षात ठेवलं. उरलेलं सोडून दिलं.”

 गुरुजींनी मान हलवली.

“माझी अट सांगते. ट्रक सुटण्याआधी प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः नावं घ्यायची. तोंड बघून. ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं. ताटली उत्तर देणार नाही, गिचुकीही देणार नाहीत. एकदा जरी चुकलात, तर मी ते वाक्य म्हणेन.”

“नाही चुकणार, बाई.”

“बघू.”

बाईंनी पिशवीतून चौकड्यांच्या वहीचा एक कागद काढला. त्यावर नावे कोणत्या क्रमाने लिहावीत, यावर मंडळींत लगेच वाद माजला. कोणी म्हणे अक्षरांच्या क्रमाने, कोणी म्हणे तारुण्यात येताना होणारी दीक्षा ज्या वयोगटाची आधी झाली त्या क्रमाने. दोन गृहस्थांचा वयोगट एकच निघाला, तेव्हा दोघांपैकी कोण आधीच्या पावसात जन्मला यावर अर्धा तास गेला. ओगोला ट्रकाच्या पायरीवर बसून हे सारे ऐकत होता.

“तुम्हा लोकांना मोजायचं नाही,” तो म्हणाला, “पण पहिला कोण हे मात्र ठरवायचं.”

शेवटी यादी तयार झाली. वांजुगूबाईंनी आपले नाव सर्वांत शेवटी लिहिले. आपल्यापर्यंत पोचायचे तर हेडमास्तरांना आधी सर्वांची नावे घ्यावीच लागतील, असे त्यांनी कारण दिले. सांबुरू वृद्धेचा निरोप घेताना मुटिंडाने तिला चहापत्तीचा पुडा दिला. तिने तो हुंगून पाहिला आणि कांग्यात बांधला.

त्यानंतरचे दोन दिवस गुरुजींनी कधी केली नव्हती इतकी कसून नोकरी केली. बारागोईच्या बाजारात, साउथ हॉरच्या झाडीत, दुसऱ्यांदा पंक्चर झालेल्या टायरजवळ, जेथे जेथे मंडळी उतरली तेथे तेथे ते ट्रकाच्या पायरीशी उभे राहिले, आणि कागद वाचण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. आरंभी त्यांना संकोच वाटला. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसांकडे असे थेट पाहण्याची त्यांना सवय नव्हती. परंतु पाहू लागल्यावर त्यांना काही गोष्टी दिसल्या. एका बाईंना दमा होता आणि त्यांनी तो सांगितला नव्हता. गिचुकी गुरुजी विनोद करत नसत तेव्हा अतिशय उदास दिसत. गुरुजींनी दम्याच्या बाईंना पुढे खिडकीशी जागा दिली आणि गिचुकींना संध्याकाळी आपल्याबरोबर फिरायला नेले. गिचुकींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुटिंडाला न सांगता चूल पेटवली.

एकदा गिचुकींनी दुसऱ्याच्या नावाला बारीक आवाजात उत्तर दिले. वांजुगूबाईंनी त्यांना साऱ्या ट्रकासमोर उभे केले, आणि पुढचे पन्नास किलोमीटर ते आनंदाने उभेच राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी वाट काळ्या धोंड्यांतून जाऊ लागली. झाड नाही, गवत नाही, जणू कोणी जमीन भाजून, फोडून टाकलेली. ट्रक बैलगाडीच्या गतीने चालला होता. एक चढण संपताच समोरून असा वारा आला की ताडपत्री फाटते की काय असे वाटले. ओगोलाने ब्रेक लावला. त्याने केवळ हात पुढे केला.

मंडळी घाईघाईने उतरली. गुरुजीही उतरले, परंतु त्यांची पाठ वाटेच्या पुढच्या दिशेला होती, कारण ते नेहमीप्रमाणे पायरीशी तोंड करून उभे राहिले होते आणि उतरणारा प्रत्येक जण त्यांच्या नजरेखालून जात होता. वाऱ्याने कागद हातात ठरेना. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, कारण आता त्यांना त्याची आवश्यकता उरली नव्हती. त्यांनी एकेक चेहरा पाहून एकेक नाव घेतले. उत्तरे येत होती, पण ती त्यांच्याकडे पाहून येत नव्हती. दम्याच्या बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. गिचुकी गुरुजींनी आपल्या नावाला साधे ‘हो’ म्हटले आणि पुढे एकही शब्द जोडला नाही. गुरुजींच्या पाठीमागे जे काही होते, ते फार मोठे असले पाहिजे, असे त्यांना त्या चेहऱ्यांवरून समजले. तरीही त्यांनी मान वळवली नाही.

“वांजुगू,” त्यांनी शेवटचे नाव घेतले.

बाई त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या. त्यांचा कांगा वाऱ्याने ध्वजासारखा ताणला गेला होता.

“आहे,” त्या म्हणाल्या. “सगळे आहेत, गुरुजी. आता मागे बघा.”

गुरुजींनी मागे पाहिले. काळ्या धोंड्यांच्या पलीकडे, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, हिरवेगार पाणी उन्हात चमकत पडले होते आणि त्यावर वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा धावत होत्या. ते किती वेळ पाहत राहिले, हे त्यांना नंतर सांगता आले नाही.

“मी मुलांना लांबी-रुंदी सांगायचो,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “बाई, त्यात काहीच नव्हतं हो.”

“आकडे बरोबर होते,” वांजुगूबाई म्हणाल्या. “ते मी तपासलेत.” आणि त्या त्यांच्या शेजारच्या धोंड्यावर बसल्या. मुटिंडा चहासाठी आडोसा शोधू लागला.